आईंना बोट चालवायची होती, आणि बेअरिंग गेलं

सासूबाई सांगलीला परत जायला आठवडा उरला होता, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं. अख्खा उन्हाळा त्यांनी आमच्या मिनेसोटातल्या, ईडन प्रेरीच्या घरात सोफ्यावर बसून काढला होता. मी भांड्यांना हात घातला की त्या उठायच्या, मी म्हणायचे, "आई, तुम्ही बसा," आणि त्या बसायच्या. त्या दिवशी चहा पिता पिता म्हणाल्या, "ती गॅरेजमधली होडी एकदा मला चालवायला मिळेल का गं?"

माझा नवरा संजय लगेच म्हणाला, "आई, तू नुसती बस. मी फिरवून आणतो ना तुला!"

"बसून फिरायला विमान आहे मला गुरुवारी. मला चालवायची आहे."

आता हे समजायला आईंचं माहेर माहीत हवं. मालवणजवळच्या एका खाडीकाठचं. त्यांचे वडील तरीची होडी चालवायचे, माणसं या काठावरून त्या काठावर न्यायचे, आणि लग्न होईपर्यंत आईंच्या हातात वल्हं असायचं. मग सांगलीचं स्थळ आलं, बँकेतला नवरा मिळाला आणि वल्हं सुटलं ते सुटलंच. सांगलीत कृष्णामाई आहे, पण सुनेला होडी हाकता येते का म्हणून कोण विचारणार? त्यातून डॉक्टरांनी यंदा बजावलं होतं की एवढा लांबचा विमानप्रवास आता पुन्हा नको. म्हणजे आमची बोट आणि आई यांची गाठ आत्ता नाही तर कधीच नाही.

बोट म्हणजे फार काही नाही हो. जुनी, पांढरी, सेकंडहँड. आमच्या मित्रमंडळींत तिचं नाव "संजयचा पांढरा हत्ती". वर्षातून दोनदा घराजवळच्या तळ्यात जाते, बाकी गॅरेजमध्ये माझ्या गाडीची जागा खाते. पण यावेळी मी म्हटलं, जवळचं तळं नको. आईंना खरं पाणी दाखवू. काबेटोगामाला जाऊ.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. काबेटोगामा हे मिनेसोटाच्या पार उत्तरेचं, कॅनडाच्या उंबरठ्यावरचं तळं. व्हॉयेजर्स नॅशनल पार्क तिथेच आहे. या पार्कला प्रवेश फी नाही, पण गंमत अशी की पार्कचा बहुतेक भाग पाण्यातूनच गाठता येतो. बेटांवरच्या जागांवर तंबू टाकायचा तर आधी ऑनलाइन बुकिंग करा आणि बोटीनेच जा. बोट नसेल तर काठावर बसून वडे खा आणि परत या.

शनिवारी सकाळी निघालो. मी, संजय, आई आणि आमची लेक रेवा. रेवा दातांच्या दवाखान्यात हायजिनिस्ट आहे. म्हणजे लोकांच्या तोंडात आरसा घालून "फ्लॉस करता का?" असं विचारायचा तिला पगार मिळतो. तिने रजा टाकली, कारण आजीचा शेवटचा आठवडा. पस्तीस नंबरचा हायवे धरून उत्तरेला. ट्रेलर मागे असला की संजय इतका हळू चालवतो की आईसुद्धा म्हणाल्या, "वरात आहे का रे आपली?" हिंकलीला थांबलो. तिथे डोक्याएवढे कॅरॅमल रोल मिळतात, एकात दोघं सहज होतात. थांबलात की ट्रेलरच्या चाकांना हात लावून बघा, मधला भाग चटका बसेल इतका तापला असेल तर पुढे जाऊ नका. पुढे क्लोकेला तेहतीस नंबर आणि मग त्रेपन्न नंबर. व्हर्जिनिया नावाच्या गावाच्या आसपास लोखंडाच्या खाणींचे लाल डोंगर दिसतात. आईंना तिथे कोकणातली माती आठवली आणि त्या काच खाली करून बघत बसल्या. मग मी थालीपिठं काढली.

संध्याकाळच्या आत केबिनवर पोचलो. काठावरचं छोटंसं रिसॉर्ट, लाकडी केबिन, स्वयंपाकघरासकट. मालकीण बार्ब, सत्तरीच्या पुढची, पायात गमबूट, बोलणं अघळपघळ. तिने आईंना बघितलं, आईंनी तिला बघितलं आणि एकीचं इंग्रजी दुसरीला कळत नसताना दोघींची गट्टी जमली. मी बघतच राहिले.

उजेड होता म्हणून लगेच बोट पाण्यात सोडली. आईंना लाइफ जॅकेट चढवलं. त्या पुढच्या सीटवर बसल्या, नाक वर करून पाण्याचा वास घेतला. संजयने इंजिन चालू केलं, काठापासून थोडं लांब नेलं आणि चाक वळवलं.

घर्रर्रर्र!

सरळ करा, आवाज कमी. वळवा, पुन्हा घर्रर्र, जसं काही खाली कोणी जात्यात खडे भरडतंय. आई म्हणाल्या, "ह्यो आवाज कसलो रे?" पाणी बघितलं की त्यांची पन्नास वर्षांची सांगली वितळते आणि आतली मालवणी वर येते.

धक्क्यावर बार्ब कमरेवर हात ठेवून उभी होती. "गिंबल बेअरिंग," ती म्हणाली. "इथपर्यंत ऐकू आलं."

सोप्या भाषेत सांगते, कारण त्या दिवसाआधी मलाही माहीत नव्हतं. आमच्या प्रकारच्या बोटीत इंजिन आत असतं आणि पंख्याचा भाग, ज्याला ड्राइव्ह म्हणतात, तो मागे बाहेर लटकतो. दोघांना जोडणारा दांडा बोटीच्या मागच्या भिंतीतून जातो आणि तिथे एका बेअरिंगवर फिरतो. तेच हे. त्याला पाणी लागू नये म्हणून बाहेरून पेटीच्या भात्यासारखी घड्याघड्यांची रबरी नळी असते. बेअरिंग गेलं तरी तसंच दामटलं तर ते आत फुटतं आणि मग दांडा, इंजिन, सगळंच कामातून जातं.

जवळच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, लेबर डे, म्हणजे सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारची सुट्टी, झाल्यावर बघू. गुरुवारी आईंचं विमान, आणि हा लेबर डेच्या गोष्टी करतो! संजय खुर्चीत बसला आणि म्हणाला, "राहू दे. बार्बकडून ती सपाट पाँटून बोट भाड्याने घेऊ. ती चालवेल, आपण बसू."

"तुला कळून राहिलं का काही?" मी म्हटलं. मी नागपूरची आहे, माझं डोकं तापायला ऊन लागत नाही. "आईंना बसायचं नाहीये! बसून बसून विटल्या त्या. तू पाना धर. आपण बदलू."

"आपण? तू सॉफ्टवेअर टेस्ट करतेस, मी डेटाबेस सांभाळतो!"

"मग टेस्ट करून सांगितलं ना, फेल आहे म्हणून. आता दुरुस्त करायचं."

रेवा म्हणाली, "मॉम, आर यू सीरियस?" पण तिचे डोळे चमकत होते. आणि बार्ब? बार्ब म्हणाली, "ओह, यू बेट," आणि शेडचं कुलूप काढायला गेली. तिथल्या थंडीत चार पिढ्या बोटी सांभाळणाऱ्या घरात काय नसतं! बेअरिंग खेचायचा सरकता हातोडा, आत ठोकायचा दांडा, इंजिनची सरळ रेघ तपासायची लांब सळई, सगळं निघालं. फक्त नवीन बेअरिंग आणि रबरी नळी आणायची होती.

रविवारी सकाळी इंटरनॅशनल फॉल्सला गेलो, गाडीने पाऊण तास. दुकान रविवारी अर्धाच दिवस उघडं, हे लक्षात ठेवा. जाताना बोटीच्या इंजिनचा आणि ड्राइव्हचा, दोन्हींच्या नंबरांचा फोटो काढून न्या, नाहीतर काउंटरवाला तुम्ही भाजी मागायला आल्यासारखं बघतो. बेअरिंग, नळी, गॅस्केट, ग्रीस सगळं मिळून आम्हा चौघांच्या एका चांगल्या हॉटेलातल्या जेवणाइतका खर्च. मेकॅनिकने केलं असतं तर लग्नाची पंगत झाली असती.

परत आल्यावर बोट ट्रेलरवर ओढून घेतली आणि कामाला लागलो. ड्राइव्हचे सहा नट सोडले. ते धूड इतकं जड की संजय, रेवा आणि मी तिघांनी मिळून मागे सरकवलं, बार्बच्या ढकलगाडीवर आडवं केलं. आणि ओढताक्षणी त्या रबरी नळीतून गंजलेलं लाल पाणी भदाभदा माझ्या सँडलवर.

बार्बने नळी उलटून बघितली. एका बाजूच्या घड्यांवर आडव्या चिरा, बाकीची नळी ठणठणीत. तिने विचारलं, "हिवाळ्यात तुम्ही ड्राइव्ह वर उचलून ठेवता की खाली सोडून?"

संजय माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे.

झालं होतं असं. दर दसऱ्याला आपण गाडीची करतो तशी संजय बोटीच्या ड्राइव्हची पूजा करतो. हळदकुंकू, झेंडू, नारळ, सगळं साग्रसंगीत. ड्राइव्ह गॅरेजमध्ये मागे बाहेर येतो, बरोबर कचऱ्याच्या डब्यांच्या वाटेवर, गुडघ्याच्या खाली. पहिल्याच वर्षी आईंनी सांगलीहून व्हिडिओ कॉलवर पूजा बघितली आणि त्या ओरडल्या, "अरे, पूजा केलेल्या वस्तूला येताजाता पाय लागतोय! वर उचलून ठेव की!" म्हणून बटण दाबून ड्राइव्ह पार वर. मिनेसोटाचा अख्खा हिवाळा, दरवर्षी. त्या मुडपलेल्या अवस्थेत रबर गारठलं, चिरलं, पाणी आत गेलं आणि बेअरिंग गंजलं.

मी हे बार्बला इंग्रजीत समजावलं. पाय लागणं म्हणजे काय, पूजा म्हणजे काय. ती गंभीरपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही तिचा इतका मान ठेवलात की ती मोडली."

रेवाने हे आजीला मराठीत सांगितलं, तिच्या त्या मोडक्यातोडक्या मराठीत. मला वाटलं आता आईंना वाईट वाटणार, आणि मी सवयीने म्हटलं, "आई, उन्हात उभ्या नका राहू, तुम्ही बसा."

आईंनी चिरलेली नळी हातात घेतली, फिरवून बघितली. म्हणाल्या, "हिला वर ठेवली माझ्या सांगण्यावरून. आणि मला कोणाच्या सांगण्यावरून अशी उचलून ठेवलीयत गं?"

संजयने हातातला पाना खाली ठेवला.

"स्वयंपाक नको, भांडी नको, जिना नको. सगळा उन्हाळा आई बसा, आई बसा. मान देताय, कळतं मला. पण माझेही सांधे गंजलेत रे बसून. आण ते ग्रीस इकडे."

मी गपचूप ग्रीसची नळी त्यांच्या हातात दिली. त्या ढकलगाडीजवळ स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी दांड्याच्या दातांना असं ग्रीस चोळलं की बाळाला तेल लावताहेत असं वाटावं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण हात घाण होते, डोळे पुसता येईनात.

जुनं बेअरिंग सोपं नव्हतं. सरकता हातोडा अडकवून संजयने हिसके दिले. नाही आलं. मी दिले. नाही आलं. बार्ब म्हणाली, "रागवा त्याच्यावर." मी त्या लेबर डेवाल्या मेकॅनिकचा आवाज आठवला आणि असा हिसका दिला की बेअरिंग, हातोडा आणि मी, तिघं एकदम मागे गवतात. बेअरिंग बोटाने फिरवून बघितलं, आत वाळू भरल्यासारखी नुसती खरखर. नवीन बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं होतं, गार झालं की किंचित आकसतं आणि सहज बसतं. फ्रीझरमध्ये आईंचा खवलेला नारळ होता. आईंनी नारळ बाजूला सरकवला आणि बेअरिंगला जागा दिली, वर बजावलं, "उद्या सोलकढी करताना चुकून हे घालू नका कोणी."

सोमवारी सकाळी बेअरिंगची जागा घासून चकचकीत केली, बार्बच्या हीट गनने शेकली. आता कसरत अशी की बेअरिंगच्या कडेचं ग्रीसचं भोक बोटीच्या भिंतीतल्या भोकासमोर यायला हवं, नाहीतर पुढे ग्रीस आत जाणारच नाही. आत काळोख, डोकं आत जात नाही. तेव्हा रेवाने तिच्या पाउचमधून दातांचा आरसा काढला! कपाळावर दिवा बांधला, आडवी झाली. "ओके, अ लिटल टू द लेफ्ट. स्टॉप. परफेक्ट. मॉम, इट्स बेसिकली अ मोलर." तिच्या शिक्षणाचं कर्ज त्या क्षणी वसूल झालं म्हणायचं.

मी ठोकायला लागले. टण्. टण्. टण्. आणि मग एकदम जाड, भरीव आवाज आला. "आवाज बदलला," आई मागून म्हणाल्या. बार्बने अंगठा वर केला. बेअरिंग तळाशी टेकलं होतं.

मग नवी रबरी नळी चिकटवली, तिचे पट्टे आवळले. ती लांब सळई बेअरिंगमधून सरकवून इंजिनपर्यंत जाते का बघितलं. दोन बोटांनी जायला हवी. नाही गेली. इंजिनच्या पुढच्या पायाचा नट थोडा फिरवला, पुन्हा बघितलं. पुन्हा नाही. संजय इंजिनपाशी वाकून, मी मागे, दोघं एकमेकांवर खेकसत: "वर!" "किती वर?" "मी काय पट्टी घेऊन बसले का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतक्या मनापासून आम्ही बऱ्याच दिवसांत भांडलो नव्हतो. आणि अचानक सळई लोण्यातून सुरी जावी तशी आत गेली. संजयने इंजिनवरून डोकं वर काढलं, नाकाला काळं लागलेलं, आणि इतका गोड हसला की मला आमचं कॉलेजचं कॅन्टीन आठवलं. पुढे ड्राइव्ह चढवणं वगैरे झालंच.

दुपारी चिकटवलेलं वाळू दिलं. तेवढ्यात बार्बने सकाळीच पकडलेले वॉलाय मासे दिले, आईंनी बरोबर आणलेला मालवणी मसाला काढला आणि रव्यात घोळवून तळले. यावेळी "तुम्ही बसा" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. बार्बने पहिला घास घेतला, नाक पुसलं, पाणी प्यायली आणि आणखी दोन तुकडे वाढून घेतले. सोलकढीत बेअरिंग नव्हतं, मी तपासलं.

ऊन उतरायच्या आत बोट पाण्यात. संजयने चालू केली. गुरगुर नेहमीची, इंजिनची. थोडं पुढे. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्याने चाक पूर्ण वळवलं.

काही नाही. नुसतं पाणी कापल्याचा आवाज. दुसऱ्या बाजूला वळवलं. काही नाही! रेवा किंचाळली, मी किंचाळले, धक्क्यावर बार्बने दोन्ही हात वर केले. "गणपती बाप्पा" संजय म्हणाला, "मोरया" आम्ही म्हटलं, आणि शेजारच्या बोटीतल्या मासेमाराने उगाच आम्हाला सलाम ठोकला.

खरा दिवस मंगळवारचा. आम्ही तंबू आणि डबे घेऊन बेटाकडे निघालो. लाल आणि हिरव्या खुणांमधूनच बोट न्यायची, नाहीतर खाली खडक आहेत, नकाशा घेतल्याशिवाय जाऊ नका. मधोमध मोकळं पाणी आलं. संजय उठला आणि सीट मोकळी केली. आई चाकामागे बसल्या. त्यांनी पदर खोचला, चाकावर दोन्ही हात ठेवले, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करून बघितलं.

"आई, हळू हं," संजय म्हणाला.

"माका येता रे."

त्यांनी गिअर पुढे ढकलला. पुढून वारा आला, लाटा उठल्या. संजय असता तर सरळ लाटेवर घातली असती आणि आमचे दात वाजले असते. आईंनी बोट तिरकी केली, लाट अंगावर न घेता कुशीवर घेतली. त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा बघितला नव्हता. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या, त्यांच्या वडिलांचं काहीतरी असावं, मी विचारलं नाही. मोकळ्या पाण्यात त्यांनी चाक पूर्ण वळवून एक मोठं वर्तुळ काढलं, आपल्याच लाटेवर येऊन बोट उडवली आणि खळखळून हसल्या. रेवा ओरडली, "आजी, यू आर इन्सेन!" आई म्हणाल्या, "काय म्हणता ती?" मी म्हटलं, "छान चालवता म्हणते."

बेटावर रात्र काढली. डास आहेत, ऑगस्टच्या शेवटीही आहेत, जाळी न्या. सरपण घरून नेऊ नका, तिथलंच घ्या, किडींमुळे बाहेरचं चालत नाही. बुधवारी परत येतानाही आईंनीच चालवली, आणि धक्क्याला बोट इतकी अलगद लावली की बार्बने हातातली कॉफी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. निघताना दोघींनी मिठी मारली. कोण काय बोललं ते दोघींनाही कळलं नसेल.

गुरुवारी विमानतळावर व्हीलचेअर बुक केली होती. आईंनी त्या खुर्चीत आपली बॅग ठेवली आणि स्वतः मागून ढकलत चालायला लागल्या. एअरलाइनची मुलगी धावली. मी म्हटलं, "असू दे."

आता काय राहिलं याचा हिशोब. संजयच्या बोटीला कोणी पांढरा हत्ती म्हणत नाही, कारण मी म्हणू देत नाही. जुनं गंजकं बेअरिंग रेवाने तिच्या दवाखान्यात टेबलावर ठेवलंय आणि फ्लॉस न करणाऱ्यांना दाखवते. आणि ड्राइव्ह आता खाली सोडलेला असतो, कचऱ्याच्या वाटेवर.

दसऱ्याला पूजा झाली. व्हिडिओ कॉल लावला. संजयने फोन ड्राइव्हपुढे धरला. हळद, कुंकू, झेंडू, सगळं जागच्या जागी.

"खाली आहे ना?" आईंनी विचारलं.

"खाली आहे. पण आई, आजच दोनदा पाय लागला गं."

"लागला तर नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. त्यात काय एवढं!"

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, त्यांच्या मागे सांगलीच्या घराची भिंत नव्हती. माड दिसले. वारा वाजत होता. मी म्हटलं, "आई, तुम्ही आहात कुठे?"

"भावाकडे. खाडीवर. सांगलीच्या घरी सांगून आलेय, दिवाळीपर्यंत येत नाही." फोन हलला, आणि मला एक जुनी होडी आणि त्यात ठेवलेलं वल्हं दिसलं. त्यांचा भाऊ मागून ओरडत होता, अगो, तू बस, मी वल्हवतंय! आईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"ठेवतंय गो," त्या मला म्हणाल्या. "भरती इली."